तेलबियांचे बियाणे निवडताना : झाडाचे रूप आणि वंशाचा गुण

पीक उभे असतानाच चांगली झाडे हेरावीत, त्यांचे दाणे वेगळे राखावेत आणि पुढील हंगामात तेच पेरावेत, ही चाल आपल्या शेतकऱ्यांत फार जुनी आहे. भुईमूग, करडई, सूर्यफूल ह्या तेलबियांच्या बाबतीतही अनेक शेतकरी असेच करतात. परंतु पुष्कळांचा अनुभव असा की, चार-पाच वर्षे सतत भरघोस शेंगांची झाडे निवडून पेरली तरी भुईमुगाचा उतारा होता तेथेच राहतो. उलट एखाद्या वेळी करडईचे एकच वेगळे झाड हाती लागते आणि त्याचा गुण पिढ्यानुपिढ्या टिकून राहतो. निवड करणाऱ्याची नजर तीच, कष्टही तेच. मग एकीकडे निवड फुकट जाते आणि दुसरीकडे फळाला येते, असे का व्हावे?

ह्या प्रश्नाचे उत्तर वनस्पती पैदासशास्त्राने दिलेले आहे. ते उत्तर ज्यास नीट समजले, त्याचे श्रम, जमीन व हंगाम वाया जाणार नाहीत. म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधु-भगिनींनी ते समजून घेणे अगत्याचे आहे.

दिसणे वेगळे, उतरणे वेगळे

शेतातील कोणतेही झाड आपल्याला दिसते तसे होण्यास दोन कारणे असतात. पहिले कारण म्हणजे त्याच्या बीजात आलेला वंशाचा गुण. दुसरे कारण म्हणजे त्याला लाभलेली जमीन, ओल, खत, ऊन आणि मोकळी जागा. उकिरड्याच्या जुन्या जागेवर वाढलेले झाड दाटून येते. बांधाकडेच्या ओळीतील झाडाला शेजार कमी असल्याने ते अधिक फुटते. पाण्याच्या पाटाजवळील झाडाला शेवटपर्यंत ओल मिळते. ह्या झाडांचे रूप उत्तम दिसते खरे, परंतु ते त्यांना जागेने दिलेले असते. दाण्यातून पुढे जातो तो केवळ वंशाचा गुण. जागेचा गुण शेतातच राहतो.

ही गोष्ट डेन्मार्कमधील शास्त्रज्ञ विल्हेल्म जोहानसेन ह्यांनी १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने स्पष्ट केली. त्यांनी घेवड्याच्या एका वाणातून १९ झाडांचे वंश अलग अलग राखले. घेवड्यात स्वपरागण होत असल्यामुळे एका झाडाचा वंश शुद्ध राहतो. निरनिराळ्या वंशांची तुलना करता काहींचे दाणे कायम जड, तर काहींचे कायम हलके भरले. म्हणजे वंशा-वंशांतील फरक पुढील पिढीत उतरला. परंतु एकाच वंशातील जड दाणे एकीकडे व हलके दाणे दुसरीकडे पेरले, तेव्हा दोहोंच्या पिकात दाण्याचे सरासरी वजन जवळपास सारखेच आले. एका वंशातील दाण्यांचा लहानमोठेपणा शेंगेतील जागेमुळे व पोषणामुळे आलेला होता. त्यात वंशाचा भेद नव्हता. भेदच नसेल तर निवडीने साधणार काय?

भुईमुगाचा जुना अनुभव ह्यावरून उलगडतो. भुईमुगाच्या फुलात पराग व स्त्रीकेसर पाकळ्यांच्या आत मिटलेले असल्याने बहुतेक परागण त्याच फुलात होते. शिफारशीच्या एका शुद्ध वाणाचे शेत म्हणजे जवळजवळ एकाच वंशाची झाडे. त्यातून शेंगा मोजून झाडे निवडली तरी वाण सुधारत नाही. टपोरे, निरोगी व न फुटलेले दाणे बियाण्यासाठी निवडणे मात्र आवश्यकच आहे. कारण त्यांची उगवण चांगली होते व रोपे जोमदार निघतात. हा लाभ त्या हंगामापुरता असतो. त्याला वाणाची सुधारणा समजण्याची गल्लत करू नये.

कोणता गुण किती उतरतो?

शेतातील झाडा-झाडांत जो एकूण फरक दिसतो, त्यापैकी वंशामुळे आलेला हिस्सा किती, ह्या प्रमाणास शास्त्रात अनुवंशक्षमता म्हणतात. हे प्रमाण टक्क्यांत सांगण्याची पद्धत आहे. त्याचा उपयोग एका लहानशा हिशेबाने कळून येईल.

समजा, करडईच्या एका मिश्र शेतात प्रत्येक झाडाला सरासरी ३० बोंडे आहेत. त्यातून निवडलेल्या झाडांची सरासरी ५० बोंडे भरली. म्हणजे निवडीने गाठलेला फरक २० बोंडांचा झाला. आता बोंडांच्या संख्येची अनुवंशक्षमता त्या शेतात २५ टक्के असेल, तर २० पैकी ५ बोंडांचा लाभ पुढील पिढीस मिळेल आणि सरासरी ३५ होईल. तीच ७५ टक्के असेल, तर १५ बोंडांचा लाभ होऊन सरासरी ४५ वर जाईल. आणि शेतात एकाच शुद्ध वंशाची झाडे असतील, तर अनुवंशक्षमता शून्य. सरासरी पुन्हा ३० वरच येईल. येथील आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. परंतु हिशेबाची रीत हीच होय.

तेलबियांवरील प्रयोगांत सामान्यतः असे आढळते की, फुलोऱ्यास लागणारे दिवस, शंभर दाण्यांचे वजन, टरफलाचे प्रमाण आणि तेलाचा टक्का ह्या गुणांची अनुवंशक्षमता बरीच अधिक असते. झाडाची उंचीही बहुधा ह्याच वर्गात मोडते. फांद्यांची व बोंडांची किंवा शेंगांची संख्या मधल्या पायरीवर येते. आणि ज्याची शेतकऱ्यास सर्वांत अधिक चाड, ते प्रत्येक झाडाचे उत्पन्न बहुतेक वेळा तळाशी असते. ह्याचे कारण उघड आहे. उत्पन्न हा एकच गुण नसून अनेक गुणांची बेरीज असते आणि त्या प्रत्येकावर पाऊस, जमीन, कीड व रोग ह्यांचा हात फिरलेला असतो. म्हणून एकेका झाडाच्या उत्पन्नावर भरवसा ठेवून केलेली निवड फसण्याचा संभव अधिक.

येथे एक सावधगिरीची सूचना द्यावयास हवी. अनुवंशक्षमता हा पिकाला कायमचा चिकटलेला आकडा नव्हे. तो त्या बियाण्याचा व त्या शेताचा असतो. जमीन एकसारखी असेल, तर जागेमुळे येणारा फरक घटतो व अनुवंशक्षमता वाढते. जमीन उंचसखल व डागाळलेली असेल, तर ती घटते. बियाण्यात भिन्न वंश मिसळलेले असतील, तर ती वाढते. एकच वंश असेल, तर नाहीशी होते. एका ठिकाणचा आकडा दुसऱ्या ठिकाणी जसाच्या तसा लावता येत नाही.

विविधता हेच भांडवल

निवडीपूर्वी वंशांत भेद असावा लागतो. ह्या भेदालाच आनुवंशिक विविधता म्हणतात. पैदासकाराच्या दृष्टीने हे भांडवल होय. ते जितके मोठे, तितका वाव अधिक.

भुईमुगाच्या बाबतीत हे भांडवल निसर्गतःच तोकडे आहे. हे पीक दक्षिण अमेरिकेतील आहे. तेथील दोन रानटी जातींचा संकर होऊन लागवडीचा भुईमूग निपजला. त्या रानटी जातींत २० गुणसूत्रे आहेत, तर लागवडीच्या भुईमुगात ४०. गुणसूत्रांची संख्या दुप्पट झाल्याने त्याचा रानटी नातलगांशी सहज संकर होईनासा झाला आणि रोगप्रतिकारासारखे कित्येक गुण पलीकडेच राहिले. टिक्का व तांबेरा ह्या रोगांना दाद न देणारे वाण मिळविण्यासाठी संशोधकांना पुन्हा त्या रानटी जातींकडे वळावे लागले, ते ह्याच कारणाने.

विविधता वाढविण्याचे इतरही मार्ग आहेत. परदेशातून बियाणे आणणे हा एक. तैवानमधून आलेल्या बियाण्यातून जळगाव येथे निवड करून 'फुले प्रगती' अथवा जे. एल. २४ हा लवकर तयार होणारा वाण काढण्यात आला आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून तो महाराष्ट्राबाहेरही पसरला. दुसरा मार्ग किरणोत्साराचा. मुंबईतील ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात भुईमुगाच्या बियांवर क्ष-किरण सोडून नवे भेद निर्माण करण्यात आले. त्यातून मोठ्या दाण्याचे वंश निघाले आणि पुढे संकर व निवड होऊन १९९१ साली टी. ए. जी. २४ हा बुटका व लवकर येणारा वाण महाराष्ट्रासाठी प्रसारित झाला.

करडईची गोष्ट निराळी. हे पीक आपल्या देशात प्राचीन काळापासून असल्याने त्यात भेद पुष्कळ. काट्यांची व बिनकाट्यांची, पिवळ्या, नारिंगी व तांबड्या फुलांची झाडे त्यात आढळतात. काटे असणे वा नसणे हा गुण मोजक्या जनुकांच्या हाती असल्याने तो हवामानाने बदलत नाही व निवडीने स्थिर करता येतो. फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाटेरी वाण तयार केले, त्यामुळे काढणीच्या वेळी मजुरांच्या हातापायांस होणारा त्रास टळला.

आपल्याकडील विविधतेचे मोल किती असू शकते, ह्याचे एक उदाहरण प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावे असे आहे. साधारण करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल सुमारे पाऊण हिस्सा असते. १९५७ साली हॉरोविट्झ व विंटर ह्या संशोधकांना भारतातून गेलेल्या बियाण्यात असे वंश आढळले की, ज्यांच्या तेलात हे प्रमाण उलटे होते. ओलिक आम्लच अधिक होते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील पी. एफ. नोल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपास केला, तेव्हा हा भेद मुख्यतः एकाच जनुकामुळे पडतो, असे दिसून आले. एकाच जनुकाचा गुण असल्याने तो पुढील पिढ्यांत सरळ उतरला आणि १९६६ साली तेथे 'यू. सी. १' हा अधिक ओलिक आम्लाचा वाण प्रसारित झाला. हे तेल तळणीत अधिक टिकते व लवकर खवट होत नाही. भारतातील बियाण्यात दडलेला गुण असा परदेशात ओळखला गेला. गावातील जुने बियाणे नाहीसे होऊ देणे म्हणजे काय गमावणे, हे ह्यावरून समजावे.

तेलाचा टक्का निवडीने वाढतो काय?

तेलबियांचे मोल अखेर तेलावर ठरते. तेलाचा टक्का डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी प्रयोगशाळाच हवी. परंतु एकदा मोजता आला म्हणजे तो निवडीस चांगली साथ देतो. अमेरिकेतील इलिनॉय येथे १८९६ साली सिरिल हॉपकिन्स ह्यांनी मक्याची १६३ कणसे घेऊन ह्याची परीक्षा आरंभली. त्या मक्याच्या दाण्यात सरासरी ४.७ टक्के तेल होते. दरवर्षी अधिक तेलाची कणसे निवडून पेरण्याचा क्रम शंभर पिढ्या चालला, तेव्हा तेलाचे प्रमाण २० टक्क्यांच्या वर गेले. मात्र केवळ तेलावर दृष्टी ठेवल्याने दाणा बारीक झाला व उत्पन्न घटले. एकाच गुणाच्या मागे लागले तर दुसरे गुण मागे पडतात, हा धडाही त्याच प्रयोगाने दिला.

सूर्यफुलात हेच काम अधिक कुशलतेने झाले. रशियातील क्रास्नोदार येथे वसिली पुस्तोवोइट ह्यांनी १९१२ पासून दीर्घकाळ निवड केली व सुमारे ३० टक्क्यांवर असलेले तेल ५० टक्क्यांपर्यंत नेले. ह्यात टरफल पातळ होण्याचाही वाटा मोठा होता. त्यांची रीत साधी व खोल होती. निवडलेल्या प्रत्येक फुलाचे बियाणे ते दोन भागांत करीत. एक भाग चाचणीच्या वाफ्यात पेरीत, दुसरा राखून ठेवीत. चाचणीत ज्या फुलांची संतती खरोखर सरस ठरे, केवळ त्यांचेच राखून ठेवलेले बियाणे काढून अलग जागी एकत्र पेरीत व आपसांत फुलू देत. मातेचे रूप पाहून नव्हे, तर लेकरांची परीक्षा घेऊन निवड, हे ह्या रीतीचे सार होय. १९६९ च्या सुमारास रशियातून जे वाण भारतात आले व ज्यांच्यापासून आपल्याकडील सूर्यफुलाच्या लागवडीस चालना मिळाली, ते ह्याच परंपरेतील होते.

पैदास केंद्रावरील चाचणीही ह्याच तत्त्वावर चालते. प्रत्येक वंश एकाच तुकड्यात न पेरता शेताच्या निरनिराळ्या भागांत तीन-चार वेळा पेरला जातो, जेणेकरून कोणा एकाला सुपीक जागेचा अवाजवी लाभ मिळू नये. शेजारी प्रचलित वाण तुलनेसाठी असतो. अशीच चाचणी निरनिराळ्या ठिकाणी व निरनिराळ्या वर्षी घेतल्यानंतरच वाणाची शिफारस होते. त्यास वेळ लागतो, तो जमिनीचा गुण व वंशाचा गुण वेगळा काढण्यासाठी.

आपल्या शेतावर काय करावे?

वरील विवेचनावरून शेतकऱ्यांनी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

१. प्रथम पीक ओळखावे. शुद्ध वाणाच्या भुईमुगात झाडांची निवड करून उत्पन्नवाढीची आशा धरू नये. तेथे भेसळीची व रोगट झाडे फुलोऱ्यापूर्वी व काढणीपूर्वी उपटून टाकावीत व बियाणे शुद्ध राखावे. भुईमुगास हेक्टरी सुमारे १०० किलो किंवा अधिक बियाणे लागते आणि एका हंगामात ते जेमतेम आठ-दहा पट होते. म्हणून नव्या वाणाचे थोडे बियाणे मिळाले तर ते सर्व बियाण्यासाठीच वाढवावे.

२. करडईत बरेचसे स्वपरागण होत असले तरी मधमाश्यांमुळे परपरागणही होते. निवडलेल्या झाडाची काही बोंडे फुलण्यापूर्वी कापडी अथवा कागदी पिशवीने झाकावीत व त्यांचेच दाणे राखावेत. बीजोत्पादनाचा प्लॉट इतर करडईपासून किमान २०० मीटर दूर असावा.

३. सूर्यफुलात परपरागण होते. त्याच्या सरळ वाणात निवडीस वाव आहे, परंतु एक-दोनच फुलांचे बियाणे ठेवल्यास पुढील पिढ्या दुबळ्या होतात. ती पुष्कळ फुलांची निवड असावी. संकरित वाणाचे बियाणे मात्र दरवर्षी नवेच घ्यावे. घरचे दाणे पेरल्यास गुण फुटून पीक असमान येते.

४. झाडे निवडताना बांधाकडेच्या ओळी, पाटाची कड, खताच्या ढिगाची जागा व विरळ भाग वगळावेत. उरलेल्या शेताचे दहा-वीस सारखे चौकोन कल्पून प्रत्येक चौकोनातून त्यातल्या त्यात उत्तम अशी दोन-दोन झाडे घ्यावीत. सर्व शेतातून सर्वांत मोठी झाडे घेतली तर ती बहुधा एकाच सुपीक तुकड्यातून येतात. चौकोनाच्या रीतीने शेजाऱ्याची शेजाऱ्याशी तुलना होते व जागेचा फरक पुष्कळसा वगळला जातो. अमेरिकेतील गार्डनर ह्यांनी १९६१ साली मक्यावरील कामात ही रीत प्रसिद्ध केली.

५. निवडलेल्या झाडांचे दाणे एकत्र करू नयेत. एका झाडाचे दाणे एका पुडीत ठेवून क्रमांक घालावा. पुढील हंगामात एका झाडाची एक ओळ पेरावी व दर पाच ओळींनंतर मूळ बियाण्याची एक ओळ द्यावी. सर्व ओळींस खत, पाणी व अंतर सारखे ठेवावे. ज्या ओळी शेजारच्या मूळ ओळीपेक्षा सरस ठरतील, त्याच पुढे न्याव्यात आणि पुन्हा एक हंगाम, शक्य तर दुसऱ्या शेतातही, पारखाव्यात.

६. फुलोऱ्याचे दिवस, दाण्याचे वजन, काटे ह्यांसारख्या चांगल्या उतरणाऱ्या गुणांवर एका झाडावरूनही निर्णय घेता येतो. उत्पन्नाचा निर्णय मात्र ओळीवरून व एकापेक्षा अधिक हंगामांवरूनच घ्यावा.

कार्यकर्त्यांचे कर्तव्य

गावात फिरताना एखाद्या शेतात अवर्षणात तग धरलेले, रोगाच्या साथीतून वाचलेले किंवा फुला-बोंडांत वेगळे दिसणारे झाड आढळले, तर त्याकडे दुर्लक्ष होऊ नये. त्याचे बियाणे मालकाच्या संमतीने अलग राखावे, गाव, जमीन व हंगाम ह्यांची नोंद करावी आणि जवळच्या कृषी संशोधन केंद्रास किंवा कृषी विद्यापीठास कळवावे. देशभरातील अशा बियाण्यांचा संग्रह नवी दिल्ली येथील राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोत होतो. ज्या शेतकऱ्याने एखादा वाण राखला वा सुधारला असेल, त्यास पीक वाणांचे संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ अन्वये त्याची नोंदणी करून घेण्याचा हक्क आहे, हेही त्यास सांगावे. ह्याच कायद्याने शेतातील बियाणे राखण्याचा, पेरण्याचा व देवाणघेवाणीचा त्याचा हक्क मान्य केला आहे.

उत्तम झाड दिसले की ते निवडावे, हे खरेच. परंतु निवडण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत. ह्या शेतात वंशांचा भेद आहे काय? आणि जो गुण डोळ्यांना भावला, तो झाडाचा आहे की जागेचा? पहिल्याचे उत्तर बियाण्याच्या इतिहासावरून मिळते. दुसऱ्याचे उत्तर त्याच्या संततीची ओळ देते. हे दोन प्रश्न विचारण्याची सवय ज्या शेतकऱ्यास लागली, त्याची निवड सहसा फुकट जाणार नाही.